टेम्पो ट्रॅव्हलर बुक करायच्या आधी एकदा शेवटच्या सीटवर बसून बघा

आमच्याकडे कुठलीही मोठी ट्रिप ठरली की गाडीचं काम माझ्या गळ्यात पडतं. अष्टविनायक झालं, कोकण झालं, लग्नाचं वऱ्हाड झालं, भाच्याच्या मुंजीला देवरुखला जाणं झालं, दरवेळी माणसं चौदा ते अठराच्या मधे, म्हणजे दोन इनोव्हा कमी पडतात आणि बस फार मोठी होते, मग टेम्पो ट्रॅव्हलरच. इतक्या वेळा केल्यावर काय बघायचं काय विचारायचं हे डोक्यात पक्कं बसलंय, आणि हल्ली नात्यातले, सोसायटीतले लोक फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढते.

आधी जे चुकलं ते सांगते, कारण बाकीचं सगळं त्यातूनच शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही सतराजण पुण्याहून गणपतीपुळ्याला निघालो. गाडी फोनवर ठरवली होती, फोटो बघून, पुशबॅक सीट, एसी, पडदे, सगळं छान. पहाटे दारात आली ती वेगळीच गाडी. नंबर वेगळा, सीटा जुन्या, आणि मधे एक जास्तीची रांग बसवलेली, त्यामुळे गुडघे पुढच्या सीटच्या पाठीला टेकत होते. पहाटे पाच वाजता सामान खाली आलेलं, पोरं उठलेली, काय करणार, बसलो. पोरं पुढे धावली, मोठ्यांनी आपापल्या जागा धरल्या आणि माझी मावशी, अडुसष्ट वर्षांची, मानेचं दुखणं असलेली, शेवटच्या रांगेत कोपऱ्यात गेली. कराड सोडून पाटणच्या रस्त्याला लागल्यावर खड्डे सुरू झाले, मग कुंभार्ली घाट. मावशी एक शब्द बोलली नाही. चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा ती उतरेचना म्हणून मागे गेले तर दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसलेली, बोटं पांढरी पडलेली, आणि म्हणते "मला जरा वेळ बसू दे गं, मान फिरत नाहीये". ते बघून माझ्या पोटात खड्डा पडला. तेव्हापासून मी गाडी बघायला जाते तेव्हा सगळ्यात आधी शेवटच्या सीटवर जाऊन बसते, बाकी सगळं नंतर.

आता ही गाडी मुळात आहे काय ते थोडं सांगते, कारण ते कळलं की तिच्या खोडी कळतात. पुण्यात आकुर्डीला फोर्स मोटर्स आहे ना, ती आधी बजाज टेम्पो होती. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी सुरू केली, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या टेम्पो नावाच्या कंपनीबरोबर करार करून. म्हणजे आपण आज कुठल्याही सामानाच्या गाडीला सर्रास टेम्पो म्हणतो तो शब्द हॅम्बुर्गहून आलेला आहे, एका कंपनीचं नाव होतं ते! पहिल्यांदा त्यांची तीनचाकी आली, मग १९६९ ला मॅटॅडोर, आणि तेही नाव असंच आपल्या भाषेत राहिलं, जुनी माणसं अजून कुठल्याही व्हॅनला मॅटॅडोरच म्हणतात. अलिबागकडच्या लोकांना मिनिडोर माहीत असेल, तीही यांचीच. मग १९८७ ला आली टेम्पो ट्रॅव्हलर. हिचा साचा मर्सिडीजच्या व्हॅनचा, जी जर्मनीत १९७७ पासून बनत होती आणि १९९५ ला तिची जागा मर्सिडीजच्याच स्प्रिंटर या नव्या व्हॅनने घेतली. तिकडे ती बंद झाली, आपल्याकडे मात्र तीच गाडी नवी इंजिनं, नवे चेहरे घेत आजपर्यंत चालू आहे. कंपनीचं नाव २००५ ला फोर्स मोटर्स झालं, ट्रॅव्हलर आता मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला बनते, पण लोकांच्या तोंडातला टेम्पो काही गेला नाही. १०८ च्या कितीतरी ॲम्ब्युलन्स, शाळेच्या गाड्या, कंपन्यांच्या स्टाफच्या गाड्या, सगळीकडे हीच आहे, त्यामुळे स्पेअर पार्ट आणि मेकॅनिक गावागावात मिळतात. रात्री अकरा वाजता साखरप्याला गाडी बंद पडली तर हाच मुद्दा सगळ्यात मोठा असतो.

तर खोड काय आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि स्प्रिंगा पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्या. पाटे वजन पेलायला एकदम दणकट, पण गाडी अर्धी रिकामी असली की कडक लागतात. शिवाय गाडी लांब आणि मागची चाकं शेवटच्या रांगेच्या बरीच पुढे, म्हणजे शेवटची रांग चाकाच्या मागे लटकलेल्या भागात येते. झोपाळ्याच्या टोकाला बसल्यासारखं समजा. चाक चार बोटं उचललं गेलं की मागचा माणूस त्याहून जास्त उडतो आणि वळणावर मागचा भाग जास्त फिरतो, म्हणून उलट्यापण मागेच जास्त होतात. सगळ्यात आरामाच्या जागा म्हणजे दोन चाकांच्या मधल्या, साधारण दुसरी-तिसरी रांग. वयस्कर, गरोदर बाई, पाठीचं-मानेचं दुखणं असलेले, गाडी लागणारे, सगळे इथे. शेवटची रांग कॉलेजच्या पोरांची आणि सामानाची. हे निघायच्या आदल्या दिवशीच ग्रुपवर लिहून टाका, कोण कुठे बसणार ते नावानिशी, कारण पहाटे गाडी आली की कोणी कोणाचं ऐकत नाही आणि म्हातारी माणसं भिडेखातर मागे जाऊन बसतात.

मग आकाराचं. ट्रॅव्हलर एकच नाही, तीन-चार लांबीच्या येतात आणि मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर मिलिमीटरमधे, ३०५०, ३३५०, ३७००, ४०२०. गाडीवाले मात्र १२ प्लस १, १३ प्लस १, १७ प्लस १, २० प्लस १ असं बोलतात, तो प्लस १ म्हणजे ड्रायव्हर, त्याला तुमच्यात धरू नका. मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून सातपासून बारा प्रवाशांपर्यंतची भाड्याची गाडी मॅक्सी कॅब होते, तेरा झाले की ती बसमध्ये जाते, म्हणून १२ प्लस १ हा आकडा इतका दिसतो. आता गोम अशी की त्याच लांबीत सीटा किती बसवल्या ते मालकावर असतं. एकाच ३७०० मधे एकजण तेरा ऐसपैस सीटा बसवतो आणि दुसरा सतरा कोंबतो. म्हणून नुसतं "सतरा सीटर आहे का" असं विचारू नका, "कुठली लांबी आणि त्यात किती सीटा" असं विचारा, समोरचा लगेच सरळ बोलायला लागतो.

माझा स्वतःचा हिशोब सांगते. जितकी माणसं त्यात तीन मिळवायची आणि तेवढ्या सीटची गाडी घ्यायची. चौदाजण असाल तर सतराची. कारण सतराच्या गाडीत शेवटची चारजणांची सलग रांग मागच्या दाराला चिकटते आणि डिकी जवळजवळ संपते, सतरा माणसं बसली तर सतरा बॅगा जाणार कुठे? मग त्या मधल्या वाटेत येतात आणि कोणाला लघवीला उतरायचं तरी सगळी गाडी उठते. टपावर कॅरिअर असतं पण तिथे जड बॅगा चढवल्या की गाडी वळणावर डोलते, घाटात तर स्पष्ट जाणवतं. टपावर हलकं टाका, गाद्या, पिशव्या, खेळायचं सामान, वर ताडपत्री दोरीने बांधलेली आहे का ते स्वतः बघा आणि पावसाळ्यात कपड्यांची बॅग आधी प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मग वर द्या.

आता गाडी बघायला जाणं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच टाळतात, म्हणतात फोटो पाठवलेत की. फोटो दोन वर्षांपूर्वीचे असतात. आदल्या रविवारी अर्धा तास काढा, ॲडव्हान्स द्यायच्या आधी जा. आत चढा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, पुढची सीट पूर्ण मागे ढकला आणि गुडघा कुठे लागतो बघा. सीटेच्या कडेचा लिव्हर ओढून बघा, पुशबॅक म्हणतात पण निम्म्या सीटा अडकलेल्या असतात. मागच्या सीटांना बेल्ट आहेत का आणि त्याची बक्कल खाली गादीत हरवलीय का ते बघा. मग मागचं दार, हे आतून उघडतं का? काही गाड्यांना बाहेरून साखळी लावलेली असते. गाडीला काही झालं आणि डावीकडचं दार दबलं तर तेच एक दार उरतं, त्यामुळे मी तरी बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. काच फोडायची हातोडी, आग विझवायचा लाल सिलेंडर, त्यावरची तारीख, प्रथमोपचार पेटी. सिलेंडर सीटखाली बॅगांच्या मागे गेलेला असेल तर ड्रायव्हरजवळ लावून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

टायर तर बघाच. नखाने किंवा एक रुपयाच्या नाण्याने खोबणी बघा, आणि टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे ३२२१ असेल तर २०२१ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झालेला टायर वरून कितीही चांगला दिसला तरी रबर कडक झालेलं असतं, उन्हाळ्यात हायवेवर तो फुटू शकतो. पुढच्या दोन चाकांना रिमोल्ड टायर, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, असतील तर मी गाडी घेत नाही. मागे जोडचाकं असतील तर आतलं चाक पण वाकून बघा, मोबाईलचा टॉर्च लावून, सगळे बाहेरचंच बघतात. स्टेपनी हवेसकट आहे का आणि जॅक आहे का हेही.

एसीचं एक वेगळंच असतं. गाडी उभी असताना पाच मिनिटं चालू करायला सांगा आणि मागच्या रांगेच्या झडपेपाशी हात धरा, पुढे गार लागतं आणि मागे नुसता वारा येतो असं खूप गाड्यांत आहे. आणि आधीच विचारा, घाटात एसी चालू ठेवणार का. जुन्या गाड्यांवर चढाला लोड येतो म्हणून बरेच ड्रायव्हर घाटात एसी बंद करतात, त्यात चूक काही नाही, पण मे महिन्यात अठराजण काचा न उघडणाऱ्या गाडीत असले की जीव घाबरा होतो. म्हणून सरकणाऱ्या काचा खरंच सरकतात का, तेही बघून घ्या.

कागदपत्रं मागायला लाजू नका. पिवळी नंबरप्लेट काळे आकडे ही भाड्याची गाडी, पांढरी असेल तर ती खाजगी, तिने भाड्याने जायचं नाही, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कधी संपतंय ते दोन मिनिटांत दिसतं. गोवा किंवा कर्नाटकात जाणार असाल तर परमिट तिथलं चालतं का आणि टॅक्स कोण भरणार हे आधी ठरवा. आणि व्हॉट्सॲपवर गाडीचा नंबर लिहून घ्या, "हीच गाडी येणार, दुसरी आली तर ॲडव्हान्स परत" असं त्यांच्याकडून लेखी. गणपतीपुळ्याच्या वेळी हे एक वाक्य माझ्याकडे असतं तर मावशीचे दोन दिवस आडवं पडून गेले नसते.

दराचा हिशोब लोकांना कळत नाही आणि शेवटी भांडणं होतात, म्हणून सावकाश सांगते. किलोमीटरला अमुक रुपये असा दर असतो, पण दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ३००. समजा तीन दिवसांची ट्रिप आणि गाडी फिरली ७५० किलोमीटर, तरी बिल ९०० चं होणार. आणि दिवस म्हणजे चोवीस तास नाही, रात्री बारा ते रात्री बारा! गुरुवारी रात्री साडेदहाला निघालात की तो दीड तास म्हणजे एक पूर्ण दिवस, लगेच १२०० किलोमीटरचं बिल. त्यापेक्षा शुक्रवारी पहाटे चार-साडेचारला निघा, पैसे वाचतात आणि ड्रायव्हरची रात्रीची झोप होते. किलोमीटर तुमच्या दारापासून नाही तर गाडीच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, म्हणून जवळचा गाडीवाला बघा, आणि निघताना गॅरेजचा आकडा आणि दारातला आकडा दोन्हीचा फोटो काढा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, नाईट चार्ज हे सगळं वेगळं असतं की दरात आहे ते एकेक करून विचारा.

ड्रायव्हरबद्दल मला मनापासून सांगायचंय. गाडी कितीही चांगली असू दे, तो झोपलेला नसेल तर सगळं व्यर्थ आहे. मालकाला सरळ विचारा, कालच्या रात्री हा ड्रायव्हर कुठल्या ट्रिपवर होता? लग्नसराईत आणि मेच्या सुट्टीत एक भाडं सोडून तासाभरात दुसरं घेतात. आपणही त्याला माणूस समजून वागायला हवं, मुक्कामी खोली बुक करतानाच त्याची खोली धरा, त्याला गाडीत झोपायला लावू नका, डासांत आणि उकाड्यात कोणाला झोप लागते? जेवायला बसताना "काका, चला" म्हणून बोलवा. आणि एका दिवसात किती गाठायचं ते ठरवा. अष्टविनायक दोन दिवसांत करायचं म्हणून लोक मोरगाव, सिद्धटेक, थेऊर, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री आणि मग पाली, महड असं पळत सुटतात, दर्शनाला रांग लागली की रात्रीचे बारा, त्यात लेण्याद्रीला पायऱ्या चढायच्या. मी आता तीन दिवस धरते.

घाट उतरताना एक गोष्ट कानाने कळते. चांगला ड्रायव्हर गिअर खाली टाकून उतरतो, इंजिनचा आवाज चढतो आणि ब्रेकवर पाय अधूनमधून पडतो. आवाज शांत आहे आणि गाडी नुसती ब्रेकवर उतरतेय, वर जळकट वास यायला लागला, तर गाडी रुंद जागा बघून बाजूला घ्यायला सांगा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ब्रेक तापले की पकडत नाहीत. चाकावर पाणी मात्र ओतू नका. भाड्याच्या गाड्यांना ८० चा स्पीड लिमिटर असतो, त्यामुळे "जरा पळवा की" म्हणून मागे लागण्यात अर्थ नाही, आणि लागूही नये.

दुसऱ्या गाड्या आहेत का असं सगळे विचारतात. टाटाची विंगर २००७ पासून आहे, ती रेनोच्या जुन्या व्हॅनवरून घेतलेली, ताकद पुढच्या चाकांना म्हणून फरशी खाली, चढायला सोपी, गुडघेदुखीवाल्यांना बरी पडते. आणि फोर्सचीच अर्बानिया २०२२ ला आली, ती ट्रॅव्हलरची नवी आवृत्ती नाही, वेगळीच गाडी आहे, बॉडी कारसारखी एकसंध, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पुढे एअरबॅग, पुढचं सस्पेन्शन प्रत्येक चाकाला वेगळं. मी एकदाच बसलेय, मुद्दाम शेवटच्या रांगेत, आणि फरक खरंच खूप आहे, खड्ड्यात बसते पण उडवत नाही. भाडं चांगलंच जास्त. घरात कोणाचं पाठीचं ऑपरेशन झालं असेल तर मी तिकडे एक मुक्काम कमी करेन आणि ती गाडी घेईन. बाकी वेळी नीट बघून घेतलेली ट्रॅव्हलर पुरते.

परत आल्यावर सगळे थकलेले असतात, घाईत उतरतात. ड्रायव्हरला दोन मिनिटं थांबवा, शेवटचा मीटरचा फोटो काढा, आणि मग एकाने टॉर्च घेऊन मागून पुढे सगळ्या सीटांखाली बघत या. शेवटची सीट आणि मागचं दार यांच्यामधे एक फट असते, आमचे आतापर्यंत दोन चष्मे, एक बीपीच्या गोळ्यांचा डबा आणि मावशीची जपमाळ तिथेच सापडलेत.